नंबर सुटला, नावं अडकली

२० जानेवारी २०११ रोजी भारतभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली. मुदती कितीदा तरी पुढे ढकलल्या गेल्या, कंपन्यांनी नाना सबबी सांगितल्या, तरी शेवटी ते करावं लागलं. कंपनी बदलली म्हणून ग्राहकाने नंबर का गमवावा, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मग हँडसेट बदलला, सर्व्हिस सेंटरने फोन धुऊन काढला, ऑनलाइन सेवा गुंडाळली गेली, म्हणून ग्राहकाने त्या फोनमधली माणसं का गमवावीत? हा प्रश्न आपल्याकडे कधी ऐरणीवर आलाच नाही. नंबराला कायद्याचं संरक्षण मिळालं. त्या नंबराभोवती वर्षानुवर्षं एकेक बटण तीन-तीनदा दाबून जमवलेल्या शेकडो नावांना कोणीही वाली नव्हता, आणि आजही नाही.

साधारण २००० ते २०१२ या काळात ज्यांनी मोबाइल वापरला त्यांना ‘सिंक’ हा शब्द म्हणजे काय मनस्ताप होता ते सांगायला नको. फोन कॉम्प्युटरला जोडायचा, नावं आणि तारखा दोन्हीकडे सारख्या व्हाव्यात अशी अपेक्षा करायची, आणि नंतर दोन तास नासधूस निस्तरत बसायचं. तंत्रज्ञान बाल्यावस्थेत आहे, थोडी कळ काढा, असं आम्हाला सांगितलं गेलं. ते धादांत खोटं होतं. ज्ञान होतं, प्रमाणं ठरलेली होती, आणि ती ठरवणाऱ्यांच्या यादीत फोन बनवणाऱ्या याच कंपन्यांची नावं होती. ग्राहक आपली नावं घेऊन सहज दुसऱ्या कंपनीच्या फोनवर गेला असता, एवढीच भीती होती. भाडेकरूने घर सोडू नये म्हणून घरमालकाने त्याचं सामान अडकवून ठेवावं, तसा हा व्यवहार होता.

पुरावे तारीखवार आहेत. इन्फ्रारेडने दोन यंत्रांनी कसं बोलावं हे ठरवणारी संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. एका माणसाचं नाव, पत्ता, नंबर कोणत्याही यंत्राला वाचता यावा यासाठी व्हीकार्ड हा साचा ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी १९९५-९६ मध्ये तयार केला. १९९६ मध्येच पाम पायलट हा खिशात मावणारा कॉम्प्युटर बाजारात आला. ते छोटं यंत्र मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या पाळण्यात ठेवायचं आणि एक बटण दाबायचं. कोणती नोंद बदलली याची खूण प्रत्येक नोंदीवरच असायची, त्यामुळे बदललेल्या तेवढ्याच नोंदी इकडून तिकडे जायच्या. म्हणजे सिंक कसं करायचं हे मोबाइल घरोघरी पोचण्याआधीच जगाला माहीत होतं. फेब्रुवारी २००० मध्ये एरिक्सन, आयबीएम, लोटस, मोटोरोला, नोकिया, पाम, सायन आणि स्टारफिश यांनी सिंकएमएल नावाचं समान प्रमाण आणण्याची घोषणा केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याची पहिली आवृत्ती निघाली.

जाहीरनाम्यावर सही करून झाल्यावर या कंपन्यांनी विकलं काय? नोकियाच्या एकाच पॉप-पोर्ट खाचेत बसणाऱ्या डीकेयू-५, डीकेयू-२, सीए-४२, सीए-५३ अशा वेगवेगळ्या केबली. दिसायला सारख्या, पण मॉडेल बदललं की केबल बदलणार. सोनी एरिक्सनची खाच निराळी, सॅमसंगची निराळी. बहुतेक स्वस्त फोनांच्या खोक्यात केबल नसायचीच. मग लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून नकली केबल आणायची, तिच्यातली चिप ओळखणारा ड्रायव्हर शोधायचा, आणि विंडोजने ती नाकारली की पुन्हा दुकानात चक्कर. नोकियाचं पीसी स्वीट फक्त विंडोजवर चालायचं आणि बॅकअप स्वतःच्या खास फॉरमॅटमध्ये ठेवायचं, जो दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला उघडत नसे. इन्फ्रारेडने नाव पाठवायची सोय होती, पण कितीतरी फोनांवर एका वेळी एकच. चारशे नावं असतील तर चारशे वेळा तेच.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी तर काहीच नव्हतं. नोकाय आणि गॅमू हे प्रकल्प उभे राहिले ते स्वयंसेवकांच्या जिवावर. केबलमधून जाणारे बाइट वाचून त्या लोकांनी नोकियाच्या फोनची भाषा उलगडली. फोन कंपनीने एक कागद प्रसिद्ध केला असता तर जे काम एका दुपारचं होतं, त्यासाठी लोकांनी आपली वर्षं घातली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांना हे करायला लावणाऱ्यांबद्दल तेवढाच राग.

हे सगळं ज्यांच्या अंगावर आलं ती माणसं लिनक्स वापरणारी नव्हती. माझ्या मामांची सांगलीत हळदीची अडत होती. त्यांच्या फोनमध्ये ‘पाटील हळद जत’, ‘बाळू ट्रक निपाणी’, ‘सुलेमान हमाल रात्री’ अशी नावं होती. माणूस, धंदा, गाव, आणि कधी फोन करायचा तेसुद्धा त्या एका ओळीत. फोन सारखा अडकायला लागला म्हणून त्यांनी तो सर्व्हिस सेंटरला दिला. परत आला तो नवं सॉफ्टवेअर घालून, आणि फोनबुक रिकामं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, डेटाची जबाबदारी आमची नाही. पावतीच्या मागे लिहिलंय.” लिहिलेलं होतं, बारीक इंग्रजीत. हंगाम ऐन भरात होता. मामांना निपाणीला माणूस पाठवावा लागला, बाळूचा नंबर आणायला.

बॅकअप घ्यायला हवा होता, असं तेव्हा बऱ्याच जणांनी ऐकवलं. कशावर घ्यायचा? मामांकडे कॉम्प्युटर नव्हता. सिमवर घ्यायचा तर अनेक सिमवर अडीचशेच नावांची जागा, एका नावाला एकच नंबर, आणि नावाची लांबी चौदा-पंधरा इंग्रजी अक्षरं. देवनागरीत लिहिलं की बऱ्याचदा त्याच्या निम्मी. ‘पाटील हळद जत’मधला फक्त ‘पाटील’ उरतो, आणि सांगलीच्या पेठेत पाटील कोण नाही? सर्व्हिस सेंटरकडे मात्र केबल होती, कॉम्प्युटर होता, सॉफ्टवेअर होतं. फोन पुसण्याआधी नावं काढून ठेवायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. तसं करा म्हणून सांगणारा नियम नव्हता, म्हणून ती पाच मिनिटं कोणी दिली नाहीत.

आता सिंक केल्यावर एकेक नाव दोनदा, चारदा का दिसायचं, ते सांगतो, कारण यात ग्राहकाची काडीचीही चूक नव्हती आणि दोष मात्र त्यालाच दिला गेला. सिंकएमएलमध्ये फोन आणि सर्व्हर, म्हणजे पलीकडचा कॉम्प्युटर, दोघेही मागच्या यशस्वी सिंकची खूण जपून ठेवतात. पुढच्या वेळी खुणा जुळल्या तर फक्त बदललेल्या नोंदी जातात. मध्येच बॅटरी गेली, केबल निघाली, जीपीआरएस तुटलं, तर खुणा जुळत नाहीत. मग ‘स्लो सिंक’ सुरू होतं, म्हणजे इकडची प्रत्येक नोंद तिकडच्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची. फोनमध्ये नावाला एकच रकाना, कॉम्प्युटरमध्ये नाव आणि आडनाव वेगळं. इकडे नंबरापुढे शून्य, तिकडे अधिक एक्याण्णव. ताडणी फसते, आणि सॉफ्टवेअर ठरवतं की हे दोन वेगळे इसम आहेत. एकाचे दोन होतात. ते दोन्ही दोन्हीकडे जातात. मग पुन्हा कधीतरी केबल निघते.

यावर उपाय त्याच प्रमाणात लिहिलेला होता. सिंक सुरू होतानाच दोन्ही यंत्रांनी आपल्याला कोणते रकाने कळतात, त्यांची लांबी किती, हे एकमेकांना सांगायचं. अनेक फोनांत ही माहिती अर्धवट किंवा चुकीची भरलेली असायची. पाळायचं नव्हतं ते प्रमाण खोक्यावर छापायला मात्र कोणी विसरलं नाही. त्याहून घातक म्हणजे ‘सर्व्हरवरून फोनकडे’ असा एक पर्याय मेनूत असायचा. तो निवडला आणि सर्व्हर रिकामा असला, की फोनही रिकामा. ‘तुमची ३८७ नावं पुसली जातील’ असा साधा इशारा द्यायला काय खर्च आला असता?

कॅलेंडरचे हाल आणखी वेगळे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. वाढदिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र अशी नोंद व्हायची, कारण जुन्या व्हीकॅलेंडर साच्यात ‘फक्त तारीख’ असा प्रकारच धड नव्हता. ऑनलाइन सेवेने ती जागतिक वेळेत बदलली की सुरुवात आदल्या संध्याकाळी साडेसहाला. पलीकडच्या यंत्राने उलटा हिशेब केला नाही की वाढदिवस दोन दिवसांवर पसरला.

आणि ज्यांनी मराठीत नावं लिहायची हिंमत केली, त्यांची तर वाताहत झाली. जुन्या व्हीकार्डमध्ये देवनागरी अक्षर सरळ जात नाही. यूटीएफ-८ मध्ये एका चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट ‘बरोबर’चं चिन्ह आणि दोन इंग्रजी अक्षर-अंक असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘शकुंतला’ या नावात काना, उकार, अनुस्वार धरून सात चिन्हं, म्हणजे त्रेसष्ट जागा. ‘आत्या’ जोडलं की शंभराच्या पुढे. या पद्धतीत एका ओळीत ७६ पेक्षा जास्त जागा चालत नाहीत, म्हणून ओळ तोडून शेवटी आणखी एक ‘बरोबर’ टाकायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं असा नियम. कितीतरी प्रोग्रॅम ती तुटलेली ओळ जोडायलाच शिकलेले नव्हते. मॅरी किंवा जॉन लिहिताना ओळ तुटत नाही, म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कोणाला त्याची फिकीर वाटली नाही. आत्याबाईंचं नाव मधेच कापलं जायचं, नाहीतर त्या जागी बरोबरच्या चिन्हांची रांग उमटायची. मग लोकांनी निमूटपणे रोमनमध्ये नावं लिहायला सुरुवात केली. मराठी माणूस फोनमध्ये मराठी लिहीत नाही म्हणून त्याच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. त्याने लिहून पाहिलं होतं. यंत्राने त्याची अक्षरं मोडली.

टेलिकॉम कंपन्याही यात मागे नव्हत्या. अमेरिकेत व्हेरायझनने २००४ मध्ये मोटोरोलाचा व्ही७१० हा ब्लूटूथ असलेला फोन विकला आणि ब्लूटूथवरून फाइल देण्याघेण्याची सोय त्यातून काढून टाकली. फोटो हवा असेल तर कंपनीच्या नेटवर्कवरून पैसे मोजून पाठवा. ग्राहक कोर्टात गेले. हीच कंपनी फोनबुकाचा बॅकअप ही महिन्याच्या भाड्याची सेवा म्हणून विकत होती. आपल्याकडेही फोनबुक बॅकअपची मासिक वर्गणी सुरू झालीच. स्वतः टाइप केलेली नावं परत मिळवण्यासाठी भाडं भरायचं, हे ग्राहकाने गुमान मान्य केलं, कारण दुसरी वाट बुजवून टाकलेली होती.

इथपर्यंत लोक पुरते वैतागले होते, आणि नेमक्या त्याच वेळी ऑनलाइन सेवा दारात आल्या. केबल नको, ड्रायव्हर नको, फक्त खातं उघडा. २००९ मध्ये गूगलने गूगल सिंक आणलं, आणि सिंकएमएल समजणाऱ्या साध्या फोनांनाही आपलं फोनबुक तिथे ठेवता येऊ लागलं. लोकांना हायसं वाटलं. डिसेंबर २०१२ मध्ये गूगलने जाहीर केलं की ३० जानेवारी २०१३ पासून सिंकएमएल बंद, नोकिया एस६० फोनांसाठीचं सिंक बंद, आणि मोफत खात्यांना गूगल सिंकची नवी जोडणीही मिळणार नाही. भारतात तेव्हा असे फोन लोकांच्या खिशात धडधाकट चालत होते. फोनात काहीही बिघाड नव्हता, पलीकडचं दार लावलं गेलं होतं. ॲपलने २००८ च्या जुलैत मोबाइलमी आणलं, ते पहिल्याच आठवड्यांत इतकं कोलमडलं की खुद्द स्टीव्ह जॉब्जला कर्मचाऱ्यांपुढे चूक कबूल करावी लागली, आणि ३० जून २०१२ ला ते बंदही झालं. वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मॅकशी जुळवणारं आयसिंक मॅकच्या २०११ च्या ‘लायन’ या आवृत्तीतून गायब झालं. नोकियाने वाजतगाजत आणलेल्या ‘ओवी’ या ऑनलाइन सेवेचं नावही त्याच वर्षी पुसलं गेलं.

ऑनलाइन ठेवलेलं सुरक्षित असतं, असं मानणाऱ्यांनी ऑक्टोबर २००९ आठवावा. अमेरिकेत टी-मोबाइलचा साइडकिक नावाचा फोन होता. तो बनवणारी डेंजर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये विकत घेतली होती. या फोनाची नावं, फोटो, तारखा मुळात सर्व्हरवर राहायच्या, आणि फोनमध्ये असायची ती त्यांची तात्पुरती प्रत. सर्व्हर कोसळला, आणि सुमारे आठ लाख ग्राहकांना सांगितलं गेलं की फोन रिसेट करू नका, बॅटरी काढू नका, संपूही देऊ नका, नाहीतर जे उरलंय तेही जाईल. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यातल्या सेवेचा बॅकअप म्हणजे ग्राहकाच्या मुठीतली ती बॅटरी! पुढे बहुतेक डेटा परत मिळवला गेला, पण त्या दिवसांत लोक चार्जरला चिकटून बसले होते.

आणि दार उघडून बसलेल्यांनी आत काय केलं? फेब्रुवारी २०१२ मध्ये अरुण थंपी या प्रोग्रॅमरने दाखवून दिलं की पाथ नावाचं ॲप वापरणाऱ्याला न विचारता त्याचं सगळं फोनबुक आपल्या सर्व्हरवर उचलून नेतं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबरच्या तडजोडीत त्या कंपनीला आठ लाख डॉलर मोजावे लागले. जानेवारी २०१३ मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्सच्या गोपनीयता यंत्रणांनी मिळून व्हॉट्सॲपवर ठपका ठेवला की जे व्हॉट्सॲप वापरतही नाहीत त्यांचेही नंबर ते घेतं आणि ठेवून देतं. फोनबुकाचं वैशिष्ट्यच हे आहे. त्यातलं एकही नाव माझं नसतं, ती सगळी दुसऱ्यांची नावं. बाळू ट्रकवाल्याने कुठल्याही सेवेच्या अटींना होकार दिलेला नव्हता. त्याने मामांवर विश्वास ठेवून नंबर दिला होता. त्या विश्वासाची उलाढाल कॅलिफोर्नियातल्या सर्व्हरवर होऊ लागली, आणि आपण म्हणत राहिलो की काय सोय झाली.

आता सगळं आपोआप होतं, मग कशाला जुनी मढी उकरता, असं मला ऐकवलं जातं. कशासाठी ते सांगतो. आपोआप होतं ते कंपनीच्या अंगणात. नावं एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेण्यासाठी कार्डडॅव्ह हे उघडं प्रमाण २०११ पासून आहे. आयफोनमध्ये ती सोय आहे, गूगलचे सर्व्हर ती भाषा बोलतात. पण अँड्रॉइड फोनात ती मुळात दिलेली नसते, वेगळं ॲप घालावं लागतं. भारतातले बहुतेक फोन अँड्रॉइड आहेत. नवा फोन चालू केला की पहिलं काम काय, तर खातं उघडा. दुकानातला मुलगा स्वतःच पटापट बोटं फिरवून ते उघडून देतो, पासवर्ड ग्राहकाला माहीतही नसतो. पुढे तो फोन हरवला की नावं त्या अनोळखी खात्यात बंद. साधन बदललं, पण ग्राहकाला रिकाम्या फोनसमोर आणून बसवणारी वृत्ती तीच आहे.

युरोपने हे ओळखलं. तिथल्या डेटा संरक्षण कायद्याचं विसावं कलम, २०१८ पासून लागू, नागरिकाला आपला डेटा यंत्राला वाचता येईल अशा सर्वमान्य रूपात मागून घेण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क देतं. आपल्या २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात एकोणिसावं कलम हेच होतं. २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून ते कलम वगळलं गेलं. पाहणी, दुरुस्ती, खोडणं, तक्रार, वारसाची नेमणूक हे हक्क राहिले. डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क तेवढा कापला. ज्या देशाने नंबर पोर्टेबिलिटी राबवून दाखवली, त्याच देशाने हे केलं याची मला चीड येते, आणि त्यावर फारशी चर्चाही झाली नाही याची जास्त.

माझी मागणी तीन ओळींत मावते. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये सगळी नावं, तारखा आणि मेसेज कोणतंही खातं न उघडता, उघड्या साच्यात, देवनागरी अक्षर न मोडता मेमरी कार्डावर किंवा केबलने बाहेर काढता आले पाहिजेत. फोन पुसण्याआधी त्यांची प्रत ग्राहकाच्या हातात देणं सर्व्हिस सेंटरवर बंधनकारक असलं पाहिजे, आणि पावतीच्या मागची ती ओळ बेकायदा ठरली पाहिजे. सेवा बंद करणाऱ्या कंपनीने किमान एक वर्ष आधी, ग्राहकाच्या भाषेत, नावं काढून घेण्याचा रस्ता दाखवला पाहिजे. यासाठी नवं काही शोधून काढायचं नाही. १९९६ पासून जे कपाटात पडून आहे, ते ट्राय या दूरसंचार नियामकाने आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नियमावलीत घालावं, आणि २०१९ चं एकोणिसावं कलम जसंच्या तसं परत आणावं.